बयाबाईची सही

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालची. त्या वर्षी आल्हादच्या दुकानात माशीसुद्धा फिरकत नव्हती. आल्हाद म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा, शामसुंदर भाऊजींचा मुलगा. एमजी रोडवर त्याचं मोबाईलचं दुकान. लोक चार-चार वर्षं एकच फोन वापरू लागले होते. आमच्या घरात एक रेडिओ एकोणीस वर्षं चालला, पण त्यामुळे बाजार बसला असं तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं.

मग कंपन्यांनी फोनमध्ये एआय घातलं. फोन पूर्वीइतकाच चपटा, किंमत दीडपट.

"काकू, हा स्वतः विचार करतो," आल्हाद म्हणाला.

"मग विकतोस कशाला? दुकानात नोकरीला ठेव."

पहिलं गिऱ्हाईक त्याला घरातच मिळालं. भाऊजी तीर्थोपाध्याय. रामकुंडावर श्राद्धाला येणाऱ्यांची पाच पिढ्यांची नामावळी आमच्याकडे आहे: कोण आलं, कोणाचं श्राद्ध केलं आणि खाली सही, नाहीतर अंगठा. वह्यांचे कोपरे झडलेले. वाचताना भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आल्हादने पानापानाचे फोटो काढले आणि फोनमध्ये पानं अशी लखलखली, की काल लिहिल्यासारखी! वाळवीने खाल्लेल्या जागीसुद्धा मजकूर उगवला.

"हा कुठून आला रे?"

"संदर्भाने भरतो तो, काकू."

"वह्या लिहिल्या माझ्या सासऱ्यांनी. त्यांचा आणि त्याचा कधी संबंध आला?"

भाऊजी वैतागले. "वहिनी, तुम्हाला नव्या वस्तूत खोटच दिसते. मिक्सर आणला तेव्हाही हेच."

ते खरं होतं.

पंधरा दिवसांत घाटावरच्या निम्म्या गुरुजींच्या हातात तो फोन आला. एकाने घेतला की शेजारच्याला घ्यावाच लागतो, नाहीतर यजमान तिकडे वळतात. इकडे भाऊजींनी ठरवलं, आता सगळं फोनमध्ये आहे, तेव्हा सर्वपित्रीला जीर्ण वह्या गोदावरीत विसर्जित करायच्या. जुन्या पोथ्यांचं आपण तेच करतो. वह्या लाल फडक्यात बांधून ओटीवर ठेवल्या. माझा जीव त्या गाठोड्यात अडकला होता, पण मिक्सरवाल्या बाईचं कोण ऐकतं?

अमावास्येला सकाळी चांदवडचा धनराज आला, कांद्याचा व्यापारी. वडिलांचं श्राद्ध उरकून तो आमच्या ओटीवर टेकला, तसा भाऊजींनी ऐटीत फोन पुढे केला.

"ही तुमची आजी बयाबाई, एकाहत्तर साली आलेली. ही तिची सही."

धनराजने फोन जवळ नेला, लांब धरला. "सही? आमची आजी जलमभर अंगठा लावायची. ती कवा शाळंत गेली?"

"शिकली असेल मागाहून," आल्हाद म्हणाला.

"रेशनच्या दुकानात मी संगं जायचो ना भाऊ! मरंस्तोवर अंगठाच."

मी कोणाला न विचारता गाठोडं सोडलं. पान सापडायला वेळ लागला नाही. एकाहत्तर साली मी नवी नवरी होते आणि शाईची गादी सासऱ्यांनी माझ्याच हातात दिली होती. बयाबाई म्हणाली होती, "लय शाई नको लावू गं पोरी, भाकरीत उतरंल." तो ठसा पानावर तसाच होता, जरा फरकटलेला. फोनला तो डाग वाटला. त्याने डाग पुसला आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून छान वळणदार सही करून टाकली.

धनराज ठशाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, आजीला नदीत सोडताय व्हय?"

भाऊजींनी फोन खिशात टाकला आणि वह्या उचलून स्वतः कपाटात नेऊन ठेवल्या; फक्त बयाबाईच्या पानाची वही ओटीवर उघडी राहिली. धनराज रोज चेकवर सह्या करणारा माणूस, पण त्याने शाई मागितली. "सही काय, आता फोनबी करतो," म्हणाला.

भाऊजी आता भिंग घेऊन वह्या वाचतात. फोनवर फक्त पावसाचा अंदाज बघतात, तोही चुकतो. ही गोष्ट घाटावर पसरल्यावर बाकीच्या गुरुजींनी आपले फोन एकदमच विकायला काढले, तशी जुन्या फोनच्या बाजारात त्यांची किंमत निम्म्यावर आली. ते सगळे आल्हादनेच घेतले, त्यांतलं एआय बंद केलं आणि 'डाग न पुसणारा फोन' अशी पाटी लावून चढ्या भावाने विकले. सिन्नरला त्याचं दुसरं दुकान झालं. मी मिक्सर वापरू लागले आहे.

धनराज दर पितृपक्षात येतो. बयाबाईखाली त्याचा अंगठा आहे, तिच्यापेक्षा काळा. मी त्या दिवशी शाई जरा जास्तच लावली होती. ती भाकरीत उतरली का, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.