विद्याश्रीच्या डोक्यावर बसवलेला पेटा

मी म्हैसुरी पेटा बोलतोय, म्हणजे इकडचा शिवलेला फेटा. जरीकाठाचा, मानाचा. नुसत्या शालीवर इथं कुणाचा सत्कार पुरा होत नाही, मी लागतोच.

मला शिवलं अग्रहारातल्या वेंकोजीरावांनी. म्हैसुरात मुरलेलं जुनं मराठी शिंप्याचं घर. दुकानाचे पेटे ते भराभर शिवतात, पण माझ्यावर म्हातारा जीव तोडून बसला होता. मला मागितलं होतं त्यांच्या मुलीनं.

विद्याश्री एका सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका. शाळेचं नाव नको, उगाच कुणाला झोंबेल. अतिथी म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक, आणि ती हेडमास्तरांच्या आणि पालकांतून निवडलेल्या शाळा समितीच्या हातात. कायमचे शिक्षक येणार येणार म्हणत वर्षं गेली. तिसरी-चौथीची पोरं हिनंच वाचती केली.

यंदा शाळा उघडताना हेडमास्तर शेषगिरी सरांनी तिला सांगितलं, सत्कार आहे, वडिलांकडून चांगला पेटा आणा. ती हरखली. सत्कार समितीच्या नव्या अध्यक्षांचाच असणार, आणि काम आपल्याला सांगितलं म्हणजे आपली नेमणूकही पक्की, असं तिनं धरलं. अध्यक्षांच्या डोक्याचं माप तिला कुठलं ठाऊक! वेंकोजीरावांनी अंदाजानं मला जरा मोठंच शिवलं.

समारंभात अध्यक्षांनी मला तबकातून उचललं आणि तिच्याच डोक्यावर बसवलं. मी घसरून तिच्या भुवयांवर आलो. शेषगिरी सर माइकवर सांगत होते, विद्याश्री मिसनी फार सेवा केली, समिती त्यांना मानानं निरोप देत आहे, यापुढे हा वर्ग अध्यक्षांच्या सूनबाई बघतील. पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मिसला बक्षीस मिळालं.

मेल्यांनो, या कामाला मीच सापडलो? नुसतं काढलं असतं तर ती भांडली तरी असती. मला डोक्यावर घेऊन कशी भांडणार? फोटोसाठी ती हसली.

ती ऑटोतून उतरली तेव्हा शाल-हार बघून वेंकोजीराव दारातच उभे राहिले. "अय्यो पुट्टी, तुझाच सत्कार होता?" म्हणत शेजाऱ्यांना हाका मारायला निघाले.

"अण्णा, कुणाला बोलावू नका," ती म्हणाली. "मला काढलं."

आता ती वडिलांच्या मशीनवर गणवेश शिवते. दुसऱ्या शाळांत विचारून झालं, सगळीकडे कुणाची ना कुणाची सून आहे. मी कपाटावर पिशवीत पडून असतो. परवा कावेरी मुलीला गणवेशासाठी घेऊन आली, मुलगी त्याच वर्गात आहे. सांगत होती, नव्या बाई येतात, सही करतात, जातात. पोरगी पुस्तकाला हात लावत नाही, वाचलेलंही विसरत चालली. मग कावेरी म्हणाली,

"मिस, समितीत मीही आहे. तुमचा सत्कार करायचा का, एवढंच विचारलं होतं. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला."

 विद्याश्रीनं मुलीच्या गणवेशाचं माप तेवढं घेतलं.

वेंकोजीराव, हात जोडतो, कात्री घ्या आणि मला उसवा. जरी काढून घ्या, कापड पुसायला वापरा. पण मला पुन्हा कुणाच्या डोक्यावर ठेवू नका.