टेकोडे उगवले, वाघळं नाही

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सालची गोष्ट. मुकुटबनजवळच्या तांड्यात रूपसिंग राहायचा, आणि त्याच्या बायकोला, हंसाबाईला, दमा होता. वाघळाचं मटण खाल्लं की दमा पळतो, असं कोण्या शहाण्यानं त्याच्या डोक्यात भरवलं. झालं! भर उन्हाळ्यात गडी गोफण घेऊन नाल्यावरच्या चिंचेखाली उभा. चिंचेला पानांपेक्षा वाघळंच जास्त लटकलेली.

"किती आणता जी?" हंसाबाई म्हणायची. "पिल्लं हायेत त्यायच्या पोटाशी."

"काही नाही होत. वारुळावरचे टेकोडे दरसाल सारे उपटून आणतो. पुढच्या श्रावणात पांढऱ्या छत्र्या पुन्हा हजर! हे बी तसंच."

वा रे वा! टेकोडे म्हणजे अळंबी, तिचं मूळ वारुळाच्या पोटात सुखरूप असतं. वाघळीला सालभरात एकच पिल्लू, आणि मायच मारली तर पुढं उगवणार काय? पण रूपसिंगला सांगणार कोण? हंसाबाई रस्सा पिऊन म्हणायची, "आता बरं वाटून राह्यलं," की याची छाती फुगायची. मग दुसऱ्या दिवशी आणखी दोन-चार पाडायचा.

पुढल्या उन्हाळ्यात चिंच रिकामी. एक वाघूळ नाही. पावसाळा लागला तशी हंसाबाईची छाती घरघरू लागली. रूपसिंगनं आजूबाजूची सारी गावं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. वारुळावर टेकोडे मात्र वेळेवर आले.

त्यानं तेच चिरले, मटणाचा मसाला घातला आणि वाडगं तिच्यापुढं ठेवलं. "घे, भेटलं एक वाघूळ."

तिनं वाडगं संपवलं. "बरं वाटून राह्यलं," म्हणाली. घरघर होती तशीच होती.

रूपसिंगला राहवेना. "अवं, टेकोडे होते ते."

"मालूम हाय मले. जल्मभर मीच रांधले ना."

"मंग बरं वाटते काहून म्हनलं?"

"गेल्या सालीही असंच म्हणत होती. तुमी उन्हातान्हात फिरून आणत होते. आराम नाही म्हणून सांगाले जीव होत नव्हता."

"म्हणजे एकदाही आराम नाही पडला?"

"एकदाही नाही."

लेकुरवाळं झाड उजाड केलं त्यानं, आणि हिला घडीभर आराम नाही. त्याला रडूच कोसळलं. "मले सांगाचं होतं, हंसा. एकदा तरी सांगाचं होतं."

ती काही बोलणार तोच तिला खोकल्याची उबळ आली. तो तिची पाठ चोळत राहिला.