छप्पन्नचे एक्कावन्न

चंद्रभाननं मानवतच्या आपल्या दुकानात पिकअपला चारही नवे टायर चढवले, हात पुसले आणि सिद्धोधनला बजावलं, की बाबा, हे चिखलाचे टायर हायत, लय थोराड हायत. आता महिनाभर गाडी आपली म्हणून नको, पाव्हण्याची म्हणून चालव. सिद्धोधन हसला. पंधरा वर्षं पिकअप हाकणाऱ्याला हा टायरवाला काय शिकवणार!

गाव सुटलं आणि हसू जिरलं. डांबरावर टायर असे घुमायला लागले की खिशातला फोन ऐकू येईना. स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी बांधावरचं गवत दिसलेल्या बैलागत कडेला ओढ घ्यायची. ब्रेक नेहमीच्या जागी दाबला तर चार हात पुढं जाऊन थांबायची, आणि पुरतं वळण घेतलं की पुढचं चाक मडगार्डला खर्रकन घासायचं. दर घासणीला सिद्धोधन चंद्रभानच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

मीटरची तर तऱ्हाच निराळी. चाक मोठं, एका फेऱ्यात जास्त रस्ता खाणार, पण मीटर बिचारं जुन्याच हिशेबानं मोजणार. सेलूजवळच्या आपल्या दारापासून जिंतूरपलीकडं नीलमच्या माहेरच्या दारापर्यंत छप्पन्न किलोमीटर. हा आकडा नीलमचाच. लग्न झाल्यापासून दर खेपेला ती मीटरवर डोळा ठेवून बसायची आणि देवगाव फाटा मागं पडला की उरलेले किलोमीटर पोरीसारखी मोठ्यानं मोजायची. आज सिद्धोधन एकटा होता. त्यानं आपल्या दारापासून मोजले तर एक्कावन्नच भरले. फसवं का होईना, ती पाच किलोमीटर जवळ आली, असं गड्याला वाटलं. वर्षभर शेजारची जागा रिकामी घेऊन हिंडत होता तो. मोंढ्यात माल उतरवायचा, घरी येऊन एकट्यापुरती भाकर थापायची, आणि तीही धड गोल होत नव्हती.

चूक त्याचीच होती. मागच्या पोळ्याच्या आधी टायर घासून गुळगुळीत गोटा झाले होते. नीलम तीनदा म्हणाली बदला, हा म्हणाला कापूस निघू दे. मग एका सकाळी फोन आला, की तिचे वडील दत्तराव शेवटच्या घटका मोजायलेत. दोघं निघाले, आणि माहेरच्या अलीकडं दोनच किलोमीटरवर, नाल्यापाशी, काळ्या चिखलात गाडी रुतली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, आत्ता निघेल म्हणत दुपार झाली. नीलम चपला हातात घेऊन चिखल तुडवत पळाली. दत्तराव तोवर गेले होते; वरून पाऊस, म्हणून भावकीनं उरकून घेतलं होतं. ती पोचली तेव्हा लोक स्मशानातून परतायले होते. बापाचं शेवटचं तोंड दिसलं नाही. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि नीलम आईपाशी राहिली ती राहिलीच. भांडली असती तर बरं झालं असतं.

दारात गाडी थांबली तशी सासू सगुणाबाई बाहेर आली, जयभीम झाला, चहा झाला. शेतात चिखल हाय, पाऊस बरा हाय, सगळं बोलून झालं. नीलम उंबऱ्यातच उभी होती. टायरकडं बघत होती.

"नाल्यातून आलात?" तिनं विचारलं.

"तिथूनच आलो."

"मला दाखवा."

गाडी आता इतकी उंच झाली होती की नीलमचा पाय फूटपायरीला पुरेना. सिद्धोधननं हात पुढं केला. तिनं जरा वेळ त्याच्याकडं पाहिलं, मग धरला. वर्षात पहिल्यांदा तो हात हातात आला, आणि सिद्धोधनला तो सोडवेना. पण सोडला.

नाला आला. तोच चिखल, तीच काळी माती. त्यानं गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. टायर चिखलात शिरले, दोन्ही बाजूंनी गोळे उडाले, गाडी एकदा शेपटाकडून घसरली आणि सरळ पलीकडं निघाली. थुंकी गिळायला लागतो तेवढाच वेळ. त्यानं गाडी थांबवली.

"एवढंच होतं?" नीलम म्हणाली.

सिद्धोधनला खोटं बोलता आलं नाही. "एवढंच होतं."

मग ती रडली. वर्षभराचं रडली, पदर तोंडाला न लावता, मोकळ्या आवाजात. सिद्धोधनही रडला. समोर रस्ता जिंतूरकडं, घराकडं जात होता; मागं नाला आणि तिची आई. कुठं जायचं हे विचारायची त्याची छाती होईना. इंजिन तसंच चालू होतं.

नीलमनं डोळे पुसले आणि सवयीनं मीटरकडं पाहिलं.

"वळवा," ती म्हणाली.

म्हणजे आईकडंच राहणार, असं त्यानं धरलं. त्यानं गुमान स्टेअरिंग फिरवलं. चाक मडगार्डला खर्रकन घासलं.

"आईला सांगून यायचं राहिलं," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "पिशवी बी भरायची हाय."

त्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवायला त्याला चार वेळा मागंपुढं करावं लागलं. चारही वेळा चाक घासलं, आणि सिद्धोधननं चंद्रभानला एकदाही शिवी दिली नाही.