वचनाचे शेजारी

जावयानं स्वतःची बेकरी काढायची ठरवली तेव्हा सासरा आधी हसला, मग चिडला आणि मग त्यानं नीट बोलणंच टाकलं.

लग्न झाल्यापासून जावई सासऱ्याच्याच भट्टीवर राबत होता. पीठ मळण्यापासून पाव गाडीत चढवेपर्यंतचं सगळं काम त्याला म्हाताऱ्यानंच शिकवलं होतं, आणि शिकवताना तोंडाला कुलूप कधी लावलं नव्हतं. पाव करपला की "डोळे काय घरी ठेवून आलास?" आणि छान फुगला की काहीच नाही. लोणी घालून केलेला गोड पाव तर जावयाच्याच डोक्यातून निघालेला. गिऱ्हाइकं तो हातोहात न्यायची. गल्ल्यावर बसलेला म्हातारा मात्र सांगायचा, "आमची घरचीच कृती आहे, जुनी." आत जावई हे ऐकायचा आणि राग पिठावर काढायचा. त्याची बायको ही म्हाताऱ्याची एकुलती एक लेक. नवऱ्याची बाजू बापाला आणि बापाची बाजू नवऱ्याला समजावून सांगता सांगता ती मेटाकुटीला आली होती.

शेवटी नदीपलीकडच्या गावात एक बंद पडलेली भट्टी भाड्यानं मिळाली. जावयानं ती घेतली. एवढ्यावर निभावलंही असतं, पण भट्टीवरचा सगळ्यात तरबेज कारागीर आपणहून म्हणाला, "मीही येतो." झालं! भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत म्हातारा ओरडला, "माझी माणसं फोडतोस?" आणि त्या दिवसापासून 'पोरा' जाऊन 'जावईबापू' आलं, 'तू' जाऊन 'तुम्ही' आलं. एवढा मान जावयाला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो नकोसाही कधी इतका झाला नव्हता.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा होता. म्हातारा घरातून एक लाकडी फळी घेऊन आला. तापवलेल्या सळईनं तिच्यावर अक्षरं उमटवली होती, वाकडीतिकडी, पण खोल. 'आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा देव तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो.'

"दारावर लावा," एवढंच तो लेकीला म्हणाला. दोन्ही नातींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेला.

लेकीचे डोळे भरून आले. पप्पांना गोड बोलता येत नाही, म्हणून त्यांनी शास्त्राकडून, बायबलमधल्या वचनाकडून, बोलून घेतलं, असं तिला वाटलं. तिनं फळी नव्या दुकानाच्या दारावर लावली. येणारे-जाणारे वाचून खूश व्हायचे. एका मुलीनं तर आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पाठवायला त्या फळीचा फोटोही काढून नेला.

त्या गावच्या चर्चच्या मागच्या खोलीत बुधवारी संध्याकाळी शास्त्राचा वर्ग भरायचा. एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, त्या तो घ्यायच्या. एका बुधवारी बायकोनं नवऱ्याला जवळजवळ ओढतच नेलं. बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमच्या आवडीचं एकेक वचन सांगा. याची पाळी आली तसं यानं मोठ्या अभिमानानं आपल्या दारावरचं वचन म्हणून दाखवलं.

"छान," बाई म्हणाल्या. "पण हे कोण कुणाला म्हणतंय, ठाऊक आहे?"

"देवच म्हणत असेल," तो म्हणाला. खोलीत थोडं हसू पिकलं.

"नाही. लाबान म्हणतोय याकोबाला. म्हणजे सासरा जावयाला."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. बाईंना त्याच्या घरचं काहीच माहीत नव्हतं. त्या आपल्या रंगून सांगत होत्या. याकोबानं वीस वर्षं सासऱ्याकडे गुरं राखली. सासऱ्यानं त्याला बायको देताना फसवलं, धाकटी लेक कबूल करून आधी थोरली दिली, मजुरी देतानाही फसवलं. शेवटी याकोब बायकामुलं आणि कळप घेऊन न सांगता निघाला, तर सासरा पाठलाग करत आला. डोंगरात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ते काही मिटेना, तेव्हा त्यांनी दगडांची रास रचली आणि लाबानानं हे शब्द उच्चारले.

"तेव्हा हे काही प्रेमाचं बोलणं नव्हे बरं," बाई म्हणाल्या. "माझा तुझ्यावर भरवसा नाही, मी बघत नसेन तेव्हा देवच तुझ्यावर डोळा ठेवो, असा त्याचा अर्थ. लोक मात्र हे लग्नपत्रिकेवर छापतात!" सगळे हसले. तेवढ्यात वेळ संपली. "पुढचा भाग पुढच्या बुधवारी. घरी वाचून या. वचन कधी एकटं वाचू नये, वचनाला शेजारी असतात," हे बाईंचं शेवटचं वाक्य त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

दुकानापाशी येताच त्यानं शिडी लावली आणि फळी उतरवली.

"अहो, काय करताय?"

"तुझ्या बापानं माझ्याच दारावर मला चोर म्हणून लिहून ठेवलंय. आणि मी खुळ्यासारखा रोज त्याच्याखालून ये-जा करतोय!"

"पप्पांना एवढं कुठं ठाऊक असणार?"

"त्यांना? त्यांना शास्त्र पाठ आहे."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नदीपलीकडच्या, सासऱ्याच्या गावातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराला फोन लावला. तिथं वर्षानुवर्षं सासऱ्याचा पाव जायचा. तिथल्या मुख्य आचाऱ्यानं मागे एकदा सहज विचारलं होतं, तुम्ही द्याल का? तेव्हा यानं कानाआड केलं होतं. आता म्हणाला, "सोमवारी नमुना घेऊन येतो." फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. पण माघार घ्यायची नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

बायकोनं गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात गल्ल्यावरच शास्त्र उघडलं. याकोबाची बायको निघताना बापाच्या घरातल्या मूर्ती चोरून नेते आणि उंटाच्या खोगिरात दडवून वर बसून राहते, हे वाचून तिला हसू आलं. आपण आईची शिवणाची कात्री आणली ती निदान विचारून. पण पुढं पुढं तिचा गोंधळ उडत गेला. शेवटी ती पुस्तक घेऊन थेट बाईंच्या घरी गेली आणि फळीची सगळी हकिकत सांगून मोकळी झाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, मला काय कल्पना! नाहीतर निम्म्यावर सोडलं असतं का?" त्यांनी चष्मा चढवला आणि तिच्या पुस्तकात बोट ठेवलं. "हे वाच. लाबानाची पहिली काळजी काय आहे? माझ्या लेकींना छळू नकोस. आणि नंतर हे बघ. ही रास ओलांडून मी तुझं वाईट करायला येणार नाही, आणि तूही माझं वाईट करायला इकडं येऊ नकोस. आधी स्वतःचं नाव घेतलंय त्यानं."

"मग बाई, हा आशीर्वाद की धमकी?"

बाईंनी चष्मा उतरवला. "दोन माणसांचा एकमेकांवर भरवसा उरलेला नाही. तरी एकमेकांचं वाटोळं करायचं नाही, एवढं त्यांना कळतंय. म्हणून देवाला मधे घातलंय. हा तह आहे, बाळा. लोक त्याचा नुसता आशीर्वाद करतात, आणि परवा मी त्याची नुसती धमकी केली. माझंही चुकलंच."

तिनं दुकानात येऊन नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. तो पीठ मळत होता, हात थांबले नाहीत. "तह कागदावर सगळेच करतात," तो म्हणाला. "तुझ्या बापानं पाळला का, ते सांग."

त्याचं उत्तर मिळालं नाक्यावरच्या किराणावाल्याकडून. शनिवारी जावई त्याच्याकडं पाव टाकायला गेला, तर तो गप्पांच्या मूडमध्ये होता.

"सासरा मोठा हेकट हो तुमचा. मागे तुमची भट्टी दुरुस्तीला होती ना, तेव्हा मी त्यांना फोन केला. म्हटलं, तुमची गाडी इकडंही पाठवा, मी कायमचा माल घेतो. तर म्हणाले, माझी गाडी पुलापर्यंतच येते. म्हटलं, अहो पूल काय मोडलाय? तर म्हणाले, पलीकडं माझा जावई आहे. दोन दिवस कळ काढा, त्याची भट्टी सुरू होईल. आणि ठेवला फोन!"

जावयाच्या हातात पावांचा ट्रे तसाच राहिला. "कधीची गोष्ट?" त्यानं उगाचच विचारलं. भट्टी कधी बंद होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

दुकानात परतल्यावर त्यानं आधी इस्पितळात फोन केला आणि नमुना आणत नाही म्हणून सांगितलं. मग बायकोला म्हणाला, "उद्या उपासना झाली की पप्पांकडं जाऊ." तिनं कारण विचारलं नाही. सांगायचं तेव्हा सांगेल, हे तिला ठाऊक होतं. त्यानं ते वाटेत, पुलावर सांगितलं.

म्हातारा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. नाती धावत जाऊन गळ्यात पडल्या. जावयाला पाहून तो उठला. "या, जावईबापू."

जावई बसला नाही. "पप्पा, ते वचन तुम्ही अर्थ ठाऊक असताना लिहिलंत का?"

म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला.

"ठाऊक असताना," तो म्हणाला. "रागातच लिहायला घेतलं. तुला वाटेल आशीर्वाद, आणि मला ठाऊक असेल काय ते, म्हणून. पण सळई तापायला वेळ लागतो. तोवर काय करणार? बसून सगळा अध्याय वाचला. पुन्हा वाचला." तो थांबला. "लाबान काही भला माणूस नव्हता रे. जावयाला राबवून घेतलं, त्याच्या कष्टाला आपलं नाव दिलं. वाचता वाचता माझे कान तापले. तेव्हा म्हटलं, नजर ठेवायची तर देवानं आधी माझ्यावर ठेवावी. तुला बुडवायचं कसं, ते मला चांगलं ठाऊक होतं. पाव दोन महिने पडत्या भावानं तुझ्या गावात ओतला असता, की तू संपलास. मनात आलंही होतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"लिहून दिलं होतं की!" म्हातारा वैतागून म्हणाला. "तुम्ही नुसती एक ओळ वाचणार, ते मला काय ठाऊक!"

लेकीला हसू फुटलं, आणि रडूही. जावई ओट्याच्या कडेला टेकला. "मी इस्पितळाचं काम घेणार होतो," तो खाली बघत म्हणाला. "सोमवारी नमुना द्यायचा होता. काल नाही म्हणून कळवलं."

म्हाताऱ्याचा चेहरा कडक झाला, मग हळूहळू सैल झाला. "कळवलंस ना," तो म्हणाला. "मग मिटलं. जेवायला बसा."

जेवताना जावयानं पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि भुवया वर केल्या. "मीठ जास्त झालंय."

"नवा माणूस आहे. जुना तू पळवलास."

"आपणहून आला तो, पप्पा."

"ठाऊक आहे. तुझ्यापेक्षा माझी बोलणी जास्त खायचा तो."

त्या एका जेवणानं सगळं साफ झालं असं नाही. गाड्या आपापल्या काठालाच राहिल्या, आणि कारागिराच्या विषयावर म्हातारा अधूनमधून धुमसायचाच. पण निघताना लेकीनं विचारलं, "पप्पा, लाबान नंतर लेकींना भेटला का हो कधी?"

"सकाळी उठून नातवंडांचे, लेकींचे मुके घेतले आणि घरी गेला, एवढंच लिहिलंय," म्हातारा म्हणाला. "पुढं त्याचं काही नाही."

"मग पुढच्या रविवारी तुम्ही या."

तो आला. नातींसाठी पिशवीभर संत्री घेऊन, बसनं. जावयाच्या भट्टीसमोर स्टुलावर बसला आणि कुठल्याही गोष्टीत तोंड घालायचं नाही असं ठरवल्यासारखा हाताची घडी घालून बघत राहिला. जावयानं पहिला ट्रे भट्टीत सारायला उचलला तसं मात्र त्याला राहवेना.

"अजून जरा तापू दे," तो म्हणाला.

जावयानं ट्रे खाली ठेवला आणि थांबला.