फुगवटा बसला तेव्हा

पोटात उतरणाऱ्या दुर्बिणींपैकी मी एक. वयाने जुनी आणि स्वभावाने भित्री. बोटाएवढी माझी जाडी, टोकाला दिवा आणि इवलासा डोळा. मित्रांनो, कारखान्यात मला वाकवून, पाण्यात बुडवून पाहिलं, तेव्हाच माझी घाबरगुंडी उडाली होती. ती अजून पुरती उतरलेली नाही.

रुग्णालयात आले तेव्हा माझं भारी कौतुक झालं. "काय स्वच्छ दिसतंय!" असं जो तो म्हणायचा. रोज कुणाच्या तरी घशातून उतरायचं, जठर पाहायचं, वर येऊन आंघोळ करायची. आता नवी दुर्बीण आली आहे आणि मी कपाटात लटकते. कुणी फिरकत नाही. काटा यायला माझ्या अंगावर केस नाहीत, पण एक दिवस आठवला की मी इथेही शहारते.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या होत्या. त्यांच्या जठराच्या अस्तरावर चपटी गाठ होती. कर्करोगाचीच, पण अगदी सुरुवातीची. ती वरच्या वर निघाली तर पोट उघडावं लागणार नव्हतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, "अस्तराखाली सुईने पाणी सोडायचं. गाठ फुगून वर आली की तेवढीच कापायची."

"म्हणजे कापड उचलून धरायचं," काकू म्हणाल्या. "पण बाई, खालचं कापू नका हं!"

त्या हसल्या. त्यांची लेक मात्र हसली नाही. जठराच्या भिंतीला भोक पडलं तर जिवावर बेततं, हे तिला आधीच सांगितलं होतं.

ट्रेमध्ये दोन द्रव होते. साधं सलाईन सुईतून सहज जातं, पण लगेच पसरतं. दुसरा द्रव घट्ट आणि चिकट. तो ढकलायला जोर लागतो, पण त्याचा फुगवटा टिकतो.

"गाठ लहान आहे, सलाईनवर भागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यात निळा रंग मिसळला. निळं दिसतंय तोवर खालची भिंत दूर आहे, अशी ती खूण.

काकूंना झोप लागली. मी आत उतरले, माझ्यातून सुई गेली आणि छान निळा उंचवटा उठला. पण गाठ वाटली होती त्याहून पसरट निघाली. काप घेता घेता वेळ गेला, कापलेल्या कडेतून सलाईन झिरपू लागलं आणि फुगवटा बसला. पुन्हा सोडलं, पुन्हा बसला. निळा रंग विरत चालला आणि त्याखाली भिंतीचे पांढुरके धागे दिसू लागले. माझ्यातून आत गेलेली बारीक सुरी तिथेच होती. भीतीने माझी पाचावर धारण बसली.

"थोडंच राहिलंय, मॅडम," मदतीचे डॉक्टर म्हणाले. "उरकून टाकू या."

डॉक्टरबाईंचा हात माझ्या मुठीवर होता. तो थरथरत होता, मला स्पष्ट जाणवलं.

"थोडंच राहिलंय म्हणूनच घाई होते," त्या म्हणाल्या. "सुरी बाहेर घ्या. मी द्रव चुकीचा निवडला. तो घट्ट द्रव द्या, निळा रंग घालून."

मदतीच्या डॉक्टरांनी दोन्ही अंगठ्यांनी सिरिंज दाबली. द्रव इतका सावकाश आला की माझा धीरच सुटला. मग गाठ हळूहळू वर आली, निळी झाली आणि तशीच राहिली. डॉक्टरबाईंनी ती अखंड सोडवली. भिंत शाबूत होती. काही दिवसांनी अहवाल आला: कडा साफ आहेत, कर्करोग मागे उरलेला नाही. दाराशी उभी असलेली लेक तो ऐकून हमसून हमसून रडली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या हे काम कराल. आम्हाला नीट धुवा, जपून ठेवा, एवढं तर मागतेच. पण हात थरथरला तर लाजू नका, थांबा. आपलं चुकलं असं वाटलं तर तिथेच म्हणा. आत काय चाललंय ते आम्हाला सगळं दिसतं हो, पण ओरडता येत नाही.