मावशींची व्हिएन्ना

“अध्यक्ष, तुम्ही माझ्या आईला व्हिएन्ना दाखवायला नेलं नाहीत. फुकटची स्वयंपाकीण म्हणून नेलंत.”

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या अध्यक्षांच्या घरासमोर गाडी लावता लावता पद्मिनीने हे वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. शेजारी बसलेली आई पदर सारखा करत होती. तिने ऐकलं असेल, तर चेहऱ्यावर दाखवलं नाही.

इथल्या मराठी मंडळाची युरोपची सहल ऑगस्टात झाली. पद्मिनीला रजा मिळेना, आणि नाशिकहून आलेल्या आईने नुसतं टीव्हीसमोर बसून किती दिवस ढकलायचे? अध्यक्ष स्वतः घरी येऊन म्हणाले होते, मावशींना फुलासारखं सांभाळू. सांभाळलंच की! व्हिएन्नात स्वयंपाकघर असलेली जागा घेतली, पुढे तळ्याकाठच्या डोंगराळ मुलखात एक शेतघर, आणि दोन्हीकडे मावशींच्या हाती कुकर दिला. तिकडे व्हेज धड मिळत नाही, हे निमित्त. बाकीचे फिरायला बाहेर पडले की मावशी संध्याकाळच्या आमटीला लागायच्या. परत आल्यावर आई एवढंच म्हणाली, तिथला ओटा फार उंच, खोक्यावर उभं राहावं लागायचं. उरलेलं कांचनने सांगितलं. ती डेट्रॉइटला एम.एस. करणारी मुलगी सहलीत होती, आणि ती आमटी तिनेही ओरपली होती.

आज त्या सहलीच्या स्लाइड्स होत्या. बेसमेंटमध्ये पांढरी चादर ताणली होती, प्रोजेक्टर घरघरत होता. मावशींनी काय करून आणलंय, असं जिन्यातच दोघी-तिघींनी विचारलं. काही नाही, पद्मिनी म्हणाली, आणि त्यांचे उतरलेले चेहरे तिने चवीने पाहिले. अध्यक्षांच्या बायको, संध्याताई, पिझ्झा मागवायला वर गेल्या.

आई सरळ पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसली. ठेवणीतलं इरकल नेसली होती.

चादरीवर पिवळा राजवाडा उमटला.

“हे कुठलं?” आईने विचारलं.

“राजवाडा, मावशी. पहिल्याच दिवशी नाही का गेलो?”

“अस्सं. छान आहे.”

मग रंगीत कौलांचं चर्च.

“आणि हे?”

“हे चर्च. दुसऱ्या दिवशी आपण...” अध्यक्ष ‘आपण’पाशी अडखळले आणि त्यांनी बटण दाबलं.

मावशी बसमध्ये झोपल्या होत्या वाटतं यार, असं मागून अनिल म्हणाला. चारजण हसले. पुढे डोंगर आले, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आल्या, खिडक्यांतून ओसंडणारी लाल फुलं आली. प्रत्येक चित्राला आईचा तोच प्रश्न, त्याच मऊ आवाजात. हसणं केव्हाच थांबलं होतं. कांचन मान खाली घालून बांगडी फिरवत होती.

पद्मिनी आपलं वाक्य बोलायला उभी राहिली, आणि तिला आईची मान दिसली. ताठ. काकांनी वाटणीत फसवलं तेव्हा आई अशीच बसली होती, चहा पुढे करत, एकेक प्रश्न विचारत. पद्मिनी हळूच खाली बसली.

शेवटी तळ्यासमोरचा ग्रुप फोटो आला. अध्यक्षांचा हात घाईने बटणाकडे गेला.

“राहू द्या,” आई म्हणाली आणि उठली. तिची सावली तळ्यावर पडली. “सगळे आहात की. अनिल आहे, कांचन आहे, संध्या आहे. पोटभर जेवलेले दिसताय.”

मग ती अध्यक्षांकडे वळली.

“तुम्ही घेऊन गेलात मला. तुम्हीच सांगा, मी तेव्हा कुठे होते?”

“मावशी, ते काय झालं... पिझ्झा येईलच आता, मग आपण...”

“येऊ दे,” आई म्हणाली. “मी कुठे होते, अध्यक्ष?”