पासबुकावरचं कुंकू

माजघराच्या कोपऱ्यात बकुळा तांदूळ निवडत बसली होती. निवडून झालेले तांदूळ तिने पुन्हा सुपात ओतले आणि पुन्हा निवडायला घेतले. नवऱ्याला, हरिश्चंद्राला जाऊन पाच महिने झाले होते आणि वरोरच्या त्या घरात विधवेने वर्षभर कोपरा पाळायची रीत होती. उन्हात यायचं नाही, ओट्यावर जायचं नाही, चारचौघांना तोंड दाखवायचं नाही. बकुळाने रडणंही सोडलं होतं. चिकू कधी उतरले, कधी पाट्या भरून गेले, तिला पत्ता नव्हता. कोणी जेव म्हटलं की ती जेवायची.

दुपारी धाकटा दीर गोविंदराव आला आणि दाराशी पाठमोरा बसला.

"वैनी, हंसाचं जमवलं. झरीचे अण्णा, गवताचे ठेकेदार. हुंडा नाय मागत. उलट बँकेचं सगळं देणं तेच भरतो बोलतात."

हंसा, धाकटी लेक, तेरा वर्षांची, सातवीत. अण्णांना बेचाळिसावं लागलेलं आणि दोन बायका खर्ची पडलेल्या. पण बकुळाच्या कानावर हे सगळं लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं आलं.

"बँकेचं कसलं देणं, भावजी?"

गोविंदरावाने मागे न बघता एक पासबुक आणि एक पत्र आत सरकवलं. "दादा गेला तसं बँकेने खातं बंद केलं. वर उचललेले पैसे व्याजासकट मागतात. नायतर चिकूच्या वाडीवर जप्ती. येत्या जेठात उरकून टाकू, वर्षाच्या आत चालतं."

रीतही मोठी मजेची. बाप मेल्यावर वर्षाच्या आत पोरीचं लग्न चालतं, पण त्याच वर्षात आईने दाराबाहेर पाऊल टाकलेलं चालत नाही.

"बरं," बकुळा म्हणाली. तिच्या तोंडून हल्ली हा एकच शब्द सहज निघायचा. दीर उठून गेला.

पासबुक तिने ओळखलं. त्याच्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचे चार डाग होते, चार दिवाळ्यांचे. थोरल्या विजयमालेच्या लग्नात बोर्डीच्या व्याह्यांनी तोंडाला येईल तो हुंडा मागितला होता. तेव्हा हरिश्चंद्राने वाडी तारण ठेवून खात्यात होते त्याहून जास्त पैसे बँकेतून उचलले. बायकोला तो एवढंच म्हणाला, "बँकेत सोय झाली." बकुळाला अक्षरं येत नव्हती, पण चिकू शेकड्याने मोजून मोजून आकडे येत होते. दर दिवाळीला ती पासबुक उघडून बघायची. आकडा वाढलेला असायचा आणि तोही लाल शाईत. शेजारच्या गुजराती दुकानदाराच्या चोपड्यावर शुभ-लाभ लाल रंगातच लिहिलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. लाल म्हणजे शुभ, लाल म्हणजे लक्ष्मी! म्हणून तिने पैंजण आणि बांगड्यांशेजारी पासबुक ठेवून मनोभावे पुजलं. नवऱ्याने पाहिलं, पण तो काही बोलला नाही. कर्ज बायकोला सांगायची त्या घरात पद्धत नव्हती.

शाळा सुटून हंसा आली. बकुळाने पत्र तिच्यापुढे धरलं. "वाच गो."

हंसा अडखळत वाचू लागली. खातेदाराच्या निधनामुळे खाते बंद केले आहे... बाकी वारसाकडून येणे आहे... "वारसाने समक्ष येऊन भेटल्यास हप्ते ठरवून देता येतील." वरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती.

"समक्ष म्हंजे?"

"म्हंजे तू जायचं, आई. वारस तू ना?"

म्हणजे गोविंदरावाला हे तीन महिने माहीत होतं. त्याने पत्र लपवलं नव्हतं. वैनी कोपऱ्यात, मग जाणार कोण, एवढाच त्याचा सरळ विचार. लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं.

हंसाने पत्राची नीट घडी केली. काकाने जमवलेल्या लग्नाचं तिच्या कानावर सकाळीच आलं होतं. खाली मान घालून तिने विचारलं, "आई, झरीला शाळा हाय?"

बकुळाने सूप बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या, डोळे दिपले. ओट्यावर गोविंदराव उभा राहिला.

"वैनी, लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. पोरगी माझी हाय, भावजी."

रस्त्यावर समोरून येणारे दोघे तिला बघून वळून गेले. मावरं-मासळी विकणारी मैना मात्र डोक्यावरची पाटी सावरत बरोबर चालू लागली. तिचा नवरा दर्यात बुडून गेला होता.

"मी तेराव्यालाच पाटी उचलली, बाय," ती म्हणाली. "कोपरा धरला असता तर पोरांनी काय खाल्लं असतं?"

डहाणूच्या बँकेत एजंटसाहेब, म्हणजे तिथले मॅनेजर, कागद बघून म्हणाले, "इतके दिवस कोणी आलं कसं नाही?"

बकुळाला शरम वाटली, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. साहेबांनी सांगितलं की खातं पुन्हा उघडणार नाही, कर्जही सुटणार नाही. दर वर्षी चिकूच्या हंगामाला एक असे सात हप्ते. तिने अंगठा दिला. हंसा वीस वर्षांची होईल तेव्हा फिटेल, एवढाच हिशोब तिने मनाशी केला.

लग्न होणार नाही, असा झरीला निरोप गेला. गोविंदरावाने अबोला धरला. भावकीने दिवाळीला दारावरून पाऊल वळवलं. बोर्डीचे व्याही मात्र चुकून एकदाही म्हणाले नाहीत, की घेतलेल्यातलं थोडं परत करतो. त्यांना कोणी अपशकुनी म्हटलं नाही.

लक्ष्मीपूजनाला हंसाने पाट मांडला. पैंजण केव्हाच विकले होते. पहिल्या हप्त्याची पावती तिने पाटावर ठेवली आणि कुंकवात बोट बुडवलं.

बकुळाने तिचा हात धरला.

"आधी वाच," ती म्हणाली. "सगळं मोठ्याने वाच. मग कुंकू."